आधी नळ की आधी चंद्र? सोलापूरच्या पाण्याचा हिशोब

अक्कलकोट रोडला यंत्रमागाचा धंदा असलेल्या एका गृहस्थांनी विचारलंय: "चांद्रयानावर सहाशे कोटी घातले. ढगात मीठ मारायला सोलापुरावर विमानं फिरवली. शाळांत रोबोट आणून ठेवले. आणि आमच्याकडे पाणी चार दिवसाआड, तेही रात्री दोनला. चंद्रावर पाणी सापडतं, आमच्या नळाला सापडत नाही. शास्त्रज्ञांचे लाड बंद करून तो पैसा आधी पाण्याला का लावू नये? आता मीटर बसवणार अशी चर्चा आहे, त्याला विरोध करावा का?"

माझं आयुष्य पाणीपुरवठ्याच्या योजना आखण्यात आणि चालवण्यात गेलं. बरीचशी कामं लहान नगरपालिकांची. राहायला मात्र सोलापुरातच, त्यामुळे हौद माझ्याही घरी आहे आणि रस्त्यातली पाण्याची चावी (व्हॉल्व्ह) सुटली की झोपेतून उठणंही आहे. तुमचा राग रास्त आहे. पण ज्या खात्यावर तो काढलाय, त्या खात्यात तुमचं पाणी अडकलेलं नाही. कुठे अडकलंय ते आकड्यांनी सांगतो.

चांद्रयान-३ चा खर्च साधारण ६१५ कोटी. २३ ऑगस्ट २०२३ ला ते उतरलं. देशाची लोकसंख्या १४० कोटी धरा, म्हणजे माणशी साडेचार रुपयांच्या आत. २०११ च्या जनगणनेत सोलापूर शहर साडेनऊ लाखांचं होतं. म्हणजे अख्ख्या सोलापूर शहराने चंद्रावर जाण्यासाठी भरलेली वर्गणी झाली चाळीस-बेचाळीस लाख रुपये. एवढ्या पैशात उजनीहून पाणी आणणाऱ्या मोठ्या व्यासाच्या पोलादी नळाचं काम शे-दोनशे मीटरच्या पुढे जात नाही. अंतर आहे ११० किलोमीटर. ती वर्गणी परत मिळाली असती तरी तुमची चावी रात्री दोनलाच सुटली असती.

बरं, एक यान बाजूला ठेवू, सगळं अवकाश खातंच बंद केलं असं धरू. २०२४-२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात या खात्याला तेरा हजार कोटींच्या आसपास होते आणि एकूण अर्थसंकल्प होता अठ्ठेचाळीस लाख कोटींचा. शंभर रुपयांतले सत्तावीस पैसे. त्याच वर्षी, त्याच अर्थसंकल्पात, जलजीवन मिशनला ७०,१६३ कोटी रुपये मांडले होते. ही खेड्यांत घरोघरी नळ देण्याची योजना, २०१९ ला सुरू झालेली. वर्ष संपता संपता सुधारित अंदाज आला तो २२,६९४ कोटींचा. मिशनची मूळ मुदत संपलेली, पुढची मंजुरी लांबलेली, कामांच्या चौकशा सुरू, अशी कारणं होती. कारणं काहीही असोत, पाण्यासाठी बाजूला काढलेले सत्तेचाळीस हजार कोटी त्या वर्षी पाण्याकडे गेलेच नाहीत. चांद्रयान-३ सारखी सत्याहत्तर यानं त्यात झाली असती.

हा आकडा मी मुद्दाम पुढे ठेवला. 'पैसा तिकडे गेला म्हणून इकडे आला नाही' हे आपल्या डोक्यात घट्ट बसलंय. माझ्या कामात मला पैसा नाही म्हणून अडलेली योजना क्वचित दिसली. मंजूर पैसा खर्च होत नाही, किंवा एकदाच भसकन होतो आणि नंतर योजना चालवायला दमडी उरत नाही, हे मात्र सतत दिसलं.

आता सोलापूरचंच घ्या. माणशी रोज १३५ लिटर हे मोठ्या शहरांसाठीचं सरकारी मोजमाप आहे. दहा लाख माणसं धरली तर रोजचे साडेतेरा कोटी लिटर. वर्षाचा गुणाकार केला की होतात पावणेदोन टीएमसी (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट). गळती, उद्योग, वाढलेली वस्ती हे सगळं धरा आणि अडीच-तीन म्हणा. उजनी धरणाची क्षमता ११७ टीएमसी, त्यात उपयुक्त साठा साडेत्रेपन्न आणि त्याखाली अचल साठा त्रेसष्टच्या वर. धरण शहरापासून शंभरेक किलोमीटरवर, १९८० पासून उभं आहे. आपल्याकडे पेपर उघडला की लोक आधी उजनी प्लसमध्ये आहे की मायनसमध्ये, म्हणजे उपयुक्त साठा उरलाय की अचल साठ्याला हात लागलाय, ते बघतात. मग सांगा, उजनी शंभर टक्के भरून भीमेला पाणी सुटतं त्या आठवड्यात तुमच्याकडे रोज पाणी येतं का? तेव्हाही चार दिवसाआडच. म्हणजे दुखणं धरणात नाही.

शहराला पाणी येतं तीन वाटांनी. एक उजनीहून थेट नळाने, पाकणीच्या शुद्धीकरण केंद्रातून. दुसरी भीमा नदीतून: औज आणि चिंचपूरचे बंधारे भरायचे, टाकळीला पाणी उपसायचं, सोरेगावला शुद्ध करायचं. तिसरी आपला जुना हिप्परगा, म्हणजे एकरुख तलाव, इंग्रजांच्या वेळचा. दुसऱ्या वाटेकडे जरा बारकाईने बघा. औज भरायला उजनीतून नदीत पाणी सोडतात. ते पंढरपुरावरून, वळणं घेत, वाळू भिजवत, उन्हात आटत, वाटेतल्या शेकडो मोटारींना पाजत खाली येतं. शहराची वर्षाची गरज दोन-तीन टीएमसीची, आणि त्यासाठी एका आवर्तनाला पाच-सहा टीएमसी सोडल्याच्या बातम्या आपण वाचतो. शेतकऱ्याला ते पाणी मिळतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण हिशोबाच्या वहीत ते 'सोलापूर शहराचं पिण्याचं पाणी' म्हणून पडतं, आणि शहराला पाणी किती लागतं याचा अंदाजच बिघडतो. म्हणून समांतर जलवाहिनी, म्हणजे उजनीहून थेट येणारा दुसरा नळ, पाहिजे होती. तिचा घोळ किती वर्षं चालला हे सोलापूरकराला मी काय सांगणार.

पण समांतर जलवाहिनी म्हणजे पाणी गावाच्या वेशीपर्यंत आलं, एवढंच. वेशीपासून तुमच्या नळापर्यंतचा प्रवास वेगळा आहे, आणि माझं बहुतेक काम तिथलंच. त्याकडे कुणाचं लक्ष नसतं, कारण तो सगळा रस्त्याखाली आहे.

चार दिवसाआड पाणी म्हणजे नेमकं काय होतं? चार दिवस रस्त्याखालचा नळ रिकामा. चावीवाला येतो, झाकण उघडतो, लांब दांड्याने चावी फिरवतो. आधी नळातली हवा पुढे ढकलली जाते, तुमच्या तोटीतून फुस्स फुस्स आवाज येतो. मग गढूळ पाणी. ते का गढूळ? नळ रिकामा असताना त्याच्या सांध्यांतून बाहेरचं आत झिरपतं, आणि जुन्या पेठांत गटार आणि पाण्याचा नळ एकमेकांना खेटून गेलेत. पाणी सुटलं की प्रत्येक घर त्याच दोन तासांत मोटर लावतं. चढावरच्या आणि शेवटच्या घराला थेंब मिळत नाही म्हणून तोही मोटर लावतो, अजून मोठी. मोटारींनी ओढून ओढून नळातला दाब हवेच्या दाबापेक्षा खाली गेला, की गळक्या सांध्यातून पाणी बाहेर यायचं सोडून गटाराचं पाणी आत जायला लागतं. एका गल्लीत एकदम जुलाब-कावीळ सुरू झाली की मी आधी हेच शोधायचो, आणि बहुतेक वेळा हेच सापडायचं.

आणि नवं पाणी आलं की आपण काय करतो? हौदातलं 'शिळं' पाणी ओतून देतो. शुद्ध केलेलं, क्लोरीन घातलेलं, शंभर किलोमीटरवरून पंपाने आणलेलं पाणी चार दिवस झाले म्हणून अंगणात. मी माझ्या घरातही हे थांबवू शकलेलो नाही. पण त्यात बायामाणसांना दोष देण्यात अर्थ नाही. पुढची पाळी नक्की कधी, पाणी किती येणार, हे ज्याला माहीत नाही तो साठवणारच आणि मिळालं की भरून घेणारच. रोज एक तास हमखास पाणी येणाऱ्या घरात कुणी बॅरल भरून ठेवत नाही.

गळतीचा एक हिशोब देतो. नळात दहा मीटर दाब आहे (दहा मीटर उंच उभ्या पाण्याचा पडेल तेवढा) आणि शेंगदाण्याएवढं, सहा मिलिमीटरचं भोक पडलंय. नळ चोवीस तास भरलेला असेल तर त्या एका भोकातून दिवसाला वीस-एकवीस हजार लिटर पाणी जातं. पाच माणसांच्या तीस घरांचं एका दिवसाचं पाणी. हे भोक शोधायला कानाला लावायची दांडी असते, आता आवाज टिपणारी यंत्रंही मिळतात. शोधणारा माणूस रात्री दोन-तीनच्या शांततेत रस्त्यावर चालत ऐकतो. त्या माणसाचा पगार, त्याची गाडी, सांधा बदलायला लागणारं सामान, खोदलेला रस्ता पुन्हा बुजवणं. यांतलं काहीच उद्घाटनाच्या लायकीचं नाही. म्हणून यासाठी तरतूद होत नाही, झाली तर मार्चमध्ये दुसरीकडे वळते.

सरकारी वहीत दोन बाजू असतात, भांडवली आणि महसुली. नवी टाकी, नवा नळ, नवं केंद्र हे भांडवली. त्याला केंद्राचा पैसा येतो, राज्याचा येतो, कोनशिला बसते. वीज, क्लोरीन, तुरटी, चावीवाले, गळती काढणं, पंपाचं बेअरिंग हे महसुली. ते नगरपालिकेने पाणीपट्टीतून भागवायचं. विजेचंच बघा. हजार लिटर पाणी शंभर मीटर चढवायला, पंप-मोटारीची तूट धरून, साधारण ०.४ युनिट लागतं. साडेतेरा कोटी लिटरला रोजचे चोपन्न हजार युनिट. आठ रुपये दर धरला तर दिवसाला सव्वाचार लाखांच्या पुढे, वर्षाला पंधरा-सोळा कोटी. हे फक्त शंभर मीटर चढाचं. लांब नळात पाणी घासत येतं, ते घर्षण म्हणजेही पंपाच्या दृष्टीने चढच. हे बिल दर महिन्याला येतं आणि कुठलीही योजना ते भरत नाही.

स्मार्ट सिटीचं असंच झालं. जानेवारी २०१६ च्या पहिल्या वीस शहरांच्या यादीत सोलापूर नववं होतं. केंद्राकडून पाच वर्षांत पाचशे कोटी मिळायचे आणि तेवढेच इथून घालायचे, असा तो आराखडा. रंगभवनचा चौक झाला, पार्क स्टेडियम झालं. दिसायला चांगलं झालं, खोटं कशाला बोलू. पण या योजनेची रचनाच 'काहीतरी बांधा' अशी होती. 'जे आहे ते नीट चालवा' यासाठी पैसे मागायची त्यात सोय नव्हती.

तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला चंद्रापेक्षा एका लोखंडी हापशात दिसतं, आणि तो हापसा सोलापूरचा आहे. ही गोष्ट आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

साठच्या दशकाच्या शेवटी आणि बहात्तरच्या दुष्काळात खडक फोडणारी बोअरची यंत्रं आपल्या देशात आली. त्यात युनिसेफचा मोठा वाटा होता. दख्खनच्या काळ्या पाषाणात हाताने विहीर खणायला महिने लागायचे, तिथे हे यंत्र एक-दोन दिवसांत खाली जायचं. बोअर पडले, त्यावर बिडाचे हातपंप बसले. या पंपांचा आराखडा युरोप-अमेरिकेतल्या शेतावरच्या घरासाठीचा. तिथे एक कुटुंब दिवसातून चार-दोन वेळा दांडा हलवणार. इथे पहाटे चारपासून रात्रीपर्यंत अख्खं गाव त्या दांड्यावर. पंप मोडले. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर पाहणी झाली तेव्हा दर चार पंपांतले तीन बंद होते. यंत्रं आली, बोअर झाले, आणि बाया पुन्हा विहिरीवर.

त्या वेळी जे थोडे पंप टिकून होते ते जालना आणि सोलापूर भागातल्या ख्रिस्ती मिशनच्या कामांत लोकांनी स्वतः सुधारून बनवलेले होते. त्यातला 'सोलापूर पंप' सगळ्यांत टिकाऊ ठरला. तो पायाशी धरून केंद्र सरकार, युनिसेफ आणि मद्रासचा एक सरकारी कारखाना यांनी नवा पंप बसवला, कोइमतूरकडे त्याच्या चाचण्या घेतल्या, आणि तो झाला इंडिया मार्क-२. तुम्ही गावात आजवर जो हापसा मारलात, तो बहुतेक हाच. लाखोंनी बनला, आफ्रिकेत गेला, आणि त्याचं भारतीय मानकही आहे, आयएस ९३०१.

त्यात काय वेगळं होतं ते कधीतरी झाकण उघडलेला हापसा दिसला तर बघा. जुन्या पंपात दांडा आणि आतली सळई खिळीने जोडलेली. दांडा वर्तुळात फिरतो, सळईला मात्र सरळ वर-खाली जायचं असतं. त्या ओढाताणीत खिळी झिजायची, सळई वाकायची. नव्या पंपात दांड्याच्या टोकाला पाव चकतीसारखा लोखंडी तुकडा आहे आणि त्यावरून साखळी सोडलेली, सळई त्या साखळीला लटकते. दांडा कसाही फिरो, सळई सरळच वर येते. दांड्याच्या कण्यात बंद बॉल बेअरिंगं, रोज तेल घालायची गरज नाही. आणि पंपाचा पाया काँक्रीटमध्ये वेगळा रोवलेला, म्हणजे हापशाचे हिसके बोअरच्या नळाला बसत नाहीत, फटीतून घाण पाणीही खाली जात नाही. यात अणुविज्ञान काही नाही. साध्या वर्कशॉपात बनेल, खेड्यातली बाई हापसेल, वर्षभर फार त्रास देणार नाही, हे ठरवून केलेलं डिझाइन आहे. माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांत आपल्या खेड्यांना इतकं उपयोगी पडलेलं दुसरं यंत्र नाही. सोलापूरच्या एकाही चौकात त्याचं स्मारक नाही, याचं मला वाईट वाटतं. चादरीच्या दुकानांच्या पाट्या मात्र पन्नास आहेत.

पण नुसत्या चांगल्या पंपाने भागलं नाही, आणि मला तेच सांगायचंय. पंप बंद पडायचा तो आतला वॉशर झिजून. वॉशरची किंमत नगण्य, पण तो बदलायला खालचे सगळे नळ उपसून काढावे लागायचे, त्याला टोळी आणि गाडी लागायची. तमिळनाडूने त्यासाठी तीन पातळ्यांची व्यवस्था लावली: गावात एक पंप सांभाळणारा, तालुक्याला मिस्त्री, जिल्ह्याला सामानाची गाडी. पुढे मार्क-३ आला, त्यात नळ न उपसता वरूनच दट्ट्या काढून वॉशर बदलता येतो, म्हणजे गावातल्या माणसालाच ते जमावं. जिथे हा माणूस, त्याचं मानधन आणि त्याच्या पिशवीतले वॉशर जागेवर होते तिथे हापसे चालले. जिथे नव्हते तिथे बंद हापशाशेजारी दुसरा बोअर मंजूर झाला. मी अशी गावं पाहिलीत जिथे शाळेसमोर ओळीने हापसे उभे, पाणी एकाच्याही तोंडी नाही, आणि ग्रामपंचायतीचा ठराव चौथ्या बोअरचा. दुरुस्तीला निधी नव्हता, नव्या बोअरला होता.

आता शास्त्रज्ञांच्या लाडांकडे. ढगात मीठ मारलं ते काय होतं? २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने सोलापूर परिसरात कृत्रिम पावसाचा प्रयोग केला. इथेच का, तर आपला भाग पर्जन्यछायेतला, वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास. ढग येतात, न बरसता निघून जातात. विमानाच्या पंखाला लावलेल्या नळकांड्या पेटवून ढगाच्या तळाशी कॅल्शियम क्लोराइडचे बारीक कण सोडायचे, त्यांना ओल चिकटून थेंब मोठे होतात. प्रयोगात २७६ ढग तपासले. काहींमध्ये कण सोडले आणि काही मुद्दाम तसेच ठेवले, तुलनेसाठी. निष्कर्ष असा आला की कण सोडलेल्या जागेच्या वाऱ्याच्या दिशेला, शंभर चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात, पाऊस सरासरी १८ टक्के वाढला. पाण्याचा खर्च त्यांनी काढला तो लिटरला १८ पैसे.

हा खर्च वाया गेला असं तुम्हाला वाटतं, मला उलट वाटतं. त्याआधी महाराष्ट्रात दुष्काळ पडला की कृत्रिम पावसाची विमानं उडायची, फोटो यायचे, आणि पाऊस विमानामुळे पडला की आपसूक पडला हे कुणी सांगू शकायचं नाही. या प्रयोगाने आपल्या ढगांचा आकडा हातात दिला. आणि त्या आकड्याचा अर्थही नीट घ्यायला हवा: ढगच नसेल तर शून्याचे अठरा टक्के शून्यच. दुष्काळाच्या मे महिन्यात कुणी पुढारी विमान आणतो म्हणाला, तर त्याला हे सांगायची सोय त्या खर्चाने आपल्याला झाली. उद्या कुणी त्यावर कायमची योजना काढली, तर मात्र ती कोण चालवणार आणि दर वर्षी पैसे कुठून, हे मी आधी विचारीन.

उपग्रहांचंही तसंच. हैदराबादच्या दूरसंवेदन केंद्राने उपग्रहांच्या चित्रांवरून खेड्यांसाठी भूजलाचे नकाशे केले, कुठे भेग आहे, कुठे मुरूम आहे, कुठे बोअरला पाणी लागायची शक्यता जास्त. मी स्वतः ते टेबलावर पसरून जागा ठरवल्यात. चुकीच्या जागचा कोरडा बोअर म्हणजे सरळ पाण्यात, किंवा कोरड्यात, गेलेला पैसा. अवकाश खात्याचा हा उपयोग टीव्हीवर दिसत नाही.

शाळेतल्या रोबोटबद्दल थोडक्यात. अटल टिंकरिंग लॅब म्हणजे मुलांनी यंत्रं हाताळून शिकायची शाळेतली प्रयोगशाळा, केंद्राची योजना. तिला शाळेमागे वीस लाख देतात, त्यात दहा उभारणीला आणि दहा पाच वर्षं चालवायला. कागदावर चालवण्याचा पैसा धरलेली योजना विरळाच, म्हणून मला ती पटते. पण मी एका शाळेत गेलो होतो, तिथे त्रिमितीय छपाईच्या यंत्रावर कापड झाकलेलं. प्लॅस्टिकची तार संपलेली, ज्या सरांना यंत्र येत होतं त्यांची बदली झालेली, किल्ली मुख्याध्यापकांच्या कपाटात. पोरं खिडकीतून बघत होती. दुसऱ्या बाजूला आपल्याच जिल्ह्यातली माढा तालुक्यातली परितेवाडी. रणजितसिंह डिसले गुरुजींनी जिल्हा परिषदेच्या शाळेत पुस्तकांना क्यूआर कोड चिकटवले, त्यावरून धडे, कविता, व्हिडिओ उघडायचे. २०२० ला जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, दहा लाख डॉलरचा, त्यातले निम्मे त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ जणांत वाटले. क्यूआर कोड छापायला पैसा जवळपास लागतच नाही. लागला तो एक शिक्षक, वर्षानुवर्षं त्या शाळेत टिकलेला. विज्ञान शिकवायला महागडं यंत्र लागतं हा गैरसमज आहे. मुलांना पाणीमापकाचं झाकण उघडून दाखवलं तरी दोन तास जातील.

तर मीटर. विरोध करू नका, पण डोळे झाकून होकारही देऊ नका.

आज तुम्ही अर्धा इंची नळाची ठोक पाणीपट्टी भरता. वर्षाचे पैसे, पाणी शंभर दिवसांपेक्षाही कमी. हा अन्याय आहे आणि तो मोजल्याशिवाय सिद्ध करता येत नाही. शेजारचा बंगलेवाला आणि दोन खोल्यांतली म्हातारी एकच पट्टी भरतात, हाही अन्यायच. मीटर नसेल तर गळती किती हेही कळत नाही, कारण शहरात किती पाणी आलं ते माहीत असतं आणि घरांत किती पोचलं ते कुणालाच नाही. कराडजवळच्या मलकापूरने मीटर आणि चोवीस तास पाणी दोन्ही एकत्र आणलं, पंधराएक वर्षं झाली असतील. ओडिशातल्या पुरीने २०२१ मध्ये नळाचं पाणी सरळ पिता येईल इथपर्यंत नेलं. दोन्ही गावं सोलापूरपेक्षा लहान, हे मान्य. पण शास्त्र तेच आहे.

धोका वेगळा आहे. चार दिवसाआड सुटणाऱ्या पाण्यात मीटर बसवला तर सुरुवातीला जी हवा फुस्स करत येते ती मीटरचं चाक भिरभिरवते. पाणी यायच्या आधी आकडा चढतो. मग गढूळ पाण्यातली रेती चाकात बसते आणि दोन वर्षांत मीटर अडकतो. लोक चिडतात, काढून टाकतात, आणि 'आपल्याकडे मीटर चालत नाही' असं ठरून जातं. म्हणून तुमच्या प्रभागात सभा झाली तर उठून हे विचारा. ज्या टाकीवरून आम्हाला पाणी येतं त्या टाकीच्या भागात रोज पाणी कधीपासून, मीटर त्याआधी की त्यानंतर? नळातली हवा बाहेर काढणारे व्हॉल्व्ह किती बसवणार? टाकीच्या तोंडाला मोठा मीटर आहे का, म्हणजे आमच्या सगळ्यांची बेरीज त्याच्याशी ताडता येईल? मीटर बिघडला तर बदलायचा कुणी, किती दिवसांत, अर्थसंकल्पातल्या कुठल्या शीर्षाखाली? आणि पुढच्या पाच वर्षांसाठी त्या शीर्षाखाली रक्कम किती?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर छापील अर्थसंकल्पाचं पान दाखवून मिळालं तर सही करा. 'बघू, निधी आला की' असं आलं तर मीटरवाल्याला दारात थांबवा, आणि तसं लेखी द्या. तोंडी विरोध फाइलला लागत नाही.